आमच्या डोंगरात 'बॅच' घेऊन येणाऱ्या ट्रेक आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकचे समस्त ट्रेक ग्रुपवाले, कॅम्पिंगवाले, 'वीकेंड गेटअवे'वाले

राम राम मंडळी,

रोहिणी नक्षत्र निघालं की आमच्याकडं दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफे तयार करायची धांदल आणि दुसरी म्हणजे तुमच्या पोस्टी. काजवा स्पेशल, मान्सून स्पेशल, लाँग वीकेंड स्पेशल, आणि खाली नेहमीचं, "शेवटच्या ४ सीट्स शिल्लक". त्या ४ सीट काही भरत नाहीत बघा, शुक्रवारी रात्री बस सुटेपर्यंत ४ च असतात आणि शनिवारी पहाटे आमच्याकडं उतरतात तेव्हा मात्र माणूस मोजून मोजून दमायला होतं.

मी अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या बाजूचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढच्या शनिवारी 'हिडन जेम' म्हणून तिथंच बॅच लागायची. घरी भातशेती आहे, पाव्हण्यांना जेवण देतो, राहायला दोन खोल्या आहेत, लागलं तर गडावर वाट दाखवायला जातो. म्हणजे मी काही पर्यटनाच्या विरोधातला माणूस नाही, माझं घर निम्मं त्याच्यावर चालतं. म्हणूनच लिहितोय.

आधी एक कबूल करतो, तुमच्यामुळं फरक पडलाय. आमच्या पट्ट्यातली माणसं भात काढून झाला की बिऱ्हाड घेऊन नारायणगाव-जुन्नरकडं मजुरीला जायची, अजूनही जातात, पण आता काही पोरं थांबायला लागलीत, कोण गाईड झालं, कुणी चहाची टपरी टाकली, कुणी तंबू भाड्यानं देतं. ते तुमच्या येण्यामुळंच. पण किती येता आणि त्यातलं इथं किती राहतं, याचा हिशोब आम्ही आता करायला लागलोय आणि तो काही बसत नाही.

तुमचा ठरलेला कार्यक्रम सांगू का? रात्री ११ ला दादर किंवा शिवाजीनगर, कसारा-घोटी किंवा संगमनेरमार्गे पहाटे ३ च्या आसपास पायथ्याला, हेडलॅम्प लावून अंधारात वर, सूर्योदय, फोटो, ड्रोन, उतरून दुपारी जेवण, ४ वाजता बस सुटली, रात्री घरी. यात आमचं गाव कुठं आलं? अंधारात आलात आणि झोपेत गेलात. आता तर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पार भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय, इगतपुरीला यायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो, म्हणजे जे पूर्वी रात्री मुक्काम करायचे तेही आता "सकाळी जाऊन संध्याकाळी परत" म्हणतात. रस्ता चांगला झाला आणि आमचा मुक्काम गेला!

पैसा कुठं जातो? माणशी १२००-१५०० घेता तुम्ही, ते तुमचं तुम्ही ठरवा, बसला डिझेल लागतं, लीडरला पैसे द्यायचे असतात, जाहिरातीचा खर्च असतो, सगळं मान्य. गावात त्यातला येतो एक नाश्ता, एक जेवण आणि पार्किंगचे पैसे. आणि पार्किंगवरून पण भांडण.

आमच्या बाजूला हे नवीन नाही तसं. घाटघरला पाऊस पडतो तेवढा जिल्ह्यात कुठंच पडत नाही, वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या आसपास जातो, लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. तो सगळा पाऊस प्रवरेतून भंडारदऱ्यात येतो. विल्सन डॅम इंग्रजांनी १९२६ ला पुरा केला, ११ टीएमसीचं धरण, आता त्या जलाशयाला आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे, आमच्याच देवगावचे, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. तर पाऊस आमच्या डोक्यावर, जमीन आमची बुडाली, आणि पाणी जातं खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या उसाला. जाऊ द्या, त्यांची पण शेती आहे. पण एप्रिल-मे महिन्यात धरणाच्या काठावरच्या वाड्यांमध्ये विहिरीचा तळ दिसतो, बाया डोक्यावर हंडे घेऊन चालत असतात आणि समोर धरण चमकत असतं. पर्यटनाचं अगदी तसंच चाललंय, पडतंय आमच्याकडं आणि साठतंय दुसरीकडं.

आता जेवणाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना भाकरी ही आपोआप होणारी गोष्ट वाटते.

तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी फोन करता, "दादा, सकाळी ४० पोहे आणि दुपारी ४० थाळी". बरं. मग आमच्या घरात आई आणि वहिनी शनिवारी पहाटे ३ ला उठतात. पोह्याचं काही नाही, ते होतात. दुपारच्या ४० ताटांना माणशी दोन धरल्या तरी ८० भाकऱ्या, तांदळाच्या निम्म्या आणि नाचणीच्या निम्म्या कारण तुमच्या पाव्हण्यांना नाचणी पाहिजे असते, हेल्दी असते म्हणून. तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी घालून मळावं लागतं, ते हाताला पोळतं, नाचणीची भाकरी तर थापताना जरा लक्ष हललं की कडेनं चिरली. एका चुलीवर एका वेळी एक तवा. गॅस आहे पण ८० भाकऱ्या गॅसवर केल्या तर सिलिंडर आठवड्यात गेला, आणि "चुलीवरचं" असं तुम्हीच जाहिरातीत लिहिलेलं असतं. पिठलं, मिरचीचा ठेचा, भात, आमटी, पापड, कांदा. पाणी विहिरीवरून आणायचं, मे महिन्यात तर विकत. आणि मग साडेबाराला तुम्ही येता, ४० चे ५५ होऊन. किंवा मग १२ वाजता फोन येतो की दादा आज २२ च जेवतील, बाकीचे म्हणतात घोटीला हायवेवर पनीर खाऊ. उरलेल्या भाकऱ्या गुरांना. ते दीडशे रुपयांचं ताट, त्यात पण तुमचा लीडर म्हणतो दरवेळी आम्ही बॅच आणतो तर ११० करा. आणि शेवटी, "इथं नेटवर्क नाही दादा, जीपे होत नाहीये, खाली गेल्यावर पाठवतो". खाली म्हणजे नक्की कुठं असतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही, काहींची बस अजून खाली पोचतेच आहे.

सगळे असे नाहीत हे मला माहीत आहे. काही ग्रुप वर्षानुवर्षं येतात, आगाऊ अर्धे पैसे देतात, आईच्या पाया पडतात, दिवाळीला पोरांसाठी खाऊ घेऊन येतात. त्यांनी हे पत्र मनाला लावून घेऊ नये, फक्त दुसऱ्यांना फॉरवर्ड करावं.

काजव्यांचं बोलायलाच पाहिजे. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट सुरू व्हायच्या आधी, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे बसतात आणि सगळं झाड एकदम लुकलुकतं, एका तालात. बघण्यासारखंच आहे, मी लहानपणापासून बघतोय आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. पण तो उजेड तुमच्यासाठी नसतो हो. नर मादीला इशारा करत असतो, मादी खाली गवतात, झुडपात किंवा पानावर बसून उत्तर देत असते. वर्षातले तेवढेच थोडे दिवस त्यांना मिळतात. त्यात तुमच्या गाड्यांचे हेडलाईट, त्यात मोबाईलचे टॉर्च, त्यात रील काढायला कुणीतरी झाड हलवतं. अंधार नसेल तर इशारा दिसणार कसा? आणि तुम्ही रस्ता सोडून झाडाखाली जाता ना चांगला फोटो यावा म्हणून, तिथंच गवतात मादी असते, पायाखाली जाते. पुढं अंडी पण त्याच मातीत असतात. मग चार वर्षांनी तुम्हीच म्हणणार की आता भंडारदऱ्याला पूर्वीसारखे काजवे राहिले नाहीत, चला दुसरीकडं.

शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावापासून पुढं गाड्यांची रांग लागते, घाटघर रोडला, मुरशेतकडं, पांजरे, उडदावणे, सगळीकडं. एकदा गावातल्या बाळंतीणीला राजूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं तर जीप त्या रांगेत अडकली आणि हॉर्न वाजवला तर पुढचा माणूस काच खाली करून म्हणतो, "शांतता ठेवा, काजवे बघतोय". नीट पोचली ती, पोरगी झाली. हसू पण येतं आणि राग पण येतो.

हे सगळं अभयारण्य आहे, कळसूबाई हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य, १९८६ पासून. नाक्यावर पावती फाडता ती त्याचीच. म्हणजे तुम्ही वॉटरपार्कमध्ये आलेला नाही. पण काठावर तंबूंची रांग, त्यात रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर, "बार्बेक्यू इन्क्लुडेड"... आणि इथं मी आमच्याही पोरांना सोडणार नाही, कारण ते स्पीकर निम्मे आमच्याच पोरांनी भाड्यानं आणलेले असतात. विचारलं तर म्हणतात पाव्हण्यांची डिमांड आहे. पाव्हण्यांची डिमांड उद्या धरण हलवायची असली तर हलवणार का?

कळसूबाईचं सांगतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, म्हणून सगळ्यांना तिथंच जायचंय, आणि रविवारीच जायचंय, आणि सूर्योदयालाच वर पाहिजे. बारी गावाकडून वाट आहे, मध्ये लोखंडी शिड्या आहेत, शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की दोन्ही बाजू थांबून राहतात, पावसात, वाऱ्यात, खालच्या माणसाच्या तोंडाशी वरच्याचा बूट. १५ ऑगस्टच्या वीकेंडला तर शिडीला हात लावायला तासभर. ज्या डोंगरावर आमच्या आज्या नवरात्रात अनवाणी जातात आणि वेळेत घरी येतात तिथं हे ट्रॅफिक जाम बघून आम्हालाच ओशाळल्यासारखं होतं.

कळसूबाईची गोष्ट तुमचे लीडर बसमध्ये सांगतात का माहीत नाही. आमच्याकडं सांगतात ती अशी की कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण आधीच अट घातली, मी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस पाव्हणे जास्त आले, घरच्यांनी तिला केर काढायला आणि भांडी घासायला लावलं, तिनं मुकाट्यानं केलं आणि सरळ डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. वाटेत भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आता बघा, पाव्हण्यांचा पसारा आवरायला नको म्हणून जी बाई डोंगरावर जाऊन बसली, तिच्याच देवळामागं तुम्ही चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या टाकून येता! तिथून पुढं चढायला तिला डोंगर पण शिल्लक नाही.

हरिश्चंद्रगडाची तीच तऱ्हा. केदारेश्वराच्या गुहेत ते मोठं लिंग आहे, चार खांबांतला एकच उभा राहिलाय, चहूबाजूनं कमरेएवढं गार पाणी. त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात लोक, घाला, पण बूट घालून? साबण लावून? त्या गडावरून मंगळगंगा निघते, ते पाणी खाली लोक पितात. आणि कोकणकडा, त्याला अंतर्वक्र कडा म्हणतात म्हणजे खालून आत पोकळ आहे, धारेवर उभं राहिलं की पायाखाली नुसती हवा असते. त्याच्यावर पालथं झोपून बघायचं असतं हे आमचे म्हातारे सांगत आले, तुमच्याकडं मात्र उडी मारून फोटो काढायची पद्धत आलीय.

आता वाटाड्यांचा विषय, हा जरा तिखट आहे. पाचनईहून हरिश्चंद्रगड सोपा आहे, मान्य, पण धुकं उतरलं की गडाच्या पठारावर स्वतःचा हात दिसत नाही. खिरेश्वरकडून तोलारखिंडीतून येणारे तर त्या पठारावर हमखास गोल गोल फिरतात. तुमचा लीडर एकदा आलेला असतो, कधी कधी तोही नसतो, मोबाईलवर ट्रॅक टाकून आलेला असतो. ५०० रुपये वाचवायला गावातला माणूस घेत नाही आणि मग संध्याकाळी ६ ला फोन, दोन मुलं मागं राहिलीत, प्लीज कुणाला तरी पाठवा. तेव्हा आमची पोरं बॅटरी, दोर, घोंगडी घेऊन जातात, रात्रभर हाका मारत फिरतात, सकाळी तुमची माणसं सुखरूप खाली. त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत, मागणार पण नाही. मग बस सुटते आणि संध्याकाळी ग्रुपवर फोटो, "अवर टीम सक्सेसफुली रेस्क्यूड". अवर टीम! आमच्या पोरांच्या पायात तर स्लीपर होत्या.

सांदण दरीबद्दल तर हात जोडून सांगतो. साम्रदची ती घळ जमिनीच्या पोटात खाली खाली जाते, दोन्ही बाजूला उभे कातळ, मध्ये पाण्याचे डोह. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती दरी आहे, पावसाळ्यात तो ओढा आहे, एवढा साधा हिशोब आहे. वर घाटमाथ्यावर ढग फुटला तर आत असलेल्या माणसाला पळायला बाजूला जागाच नाही. "पाऊस कमी आहे, लवकर करून येऊ" असं म्हणणाऱ्याला गावातला माणूस नाही म्हणाला तर ते नाहीच असतं, पाचशेची नोट काढून ते हो होत नाही. आणि कुणी हो म्हणालं तर त्याच्याबरोबर अजिबात जाऊ नका.

सरकारनं २०२१ ला साहसी पर्यटन धोरण आणलं, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असं त्यात आहे. तुमच्यातल्या किती जणांनी केलीय? मी विचारत नाही, तुमचं तुम्हीच बघा. फक्त प्रत्येक अपघातानंतर तालुक्यात बंदी येते, जमावबंदी येते, धबधब्यांवर जायला मनाई, आणि तेव्हा तुम्ही लगेच सह्याद्रीतल्या दुसऱ्या डोंगराची पोस्ट टाकता, टपरी मात्र आमची बंद राहते.

मग काय करायचं? मला काही समिती-बिमिती नको, आमची ग्रामसभा आहे, हा सगळा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग आहे, गावात काय चालावं यात ग्रामसभेला बोलायचा हक्क आहे, तिथं आम्ही आमचं ठरवतोच आहे. तुमच्याकडून पाहिजे ते थोडंच आहे.

एक मुक्काम करा. बस्स, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. शनिवारी दुपारी या, उजेडात गाव बघा, रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळावरचं कोरीव काम घाईनं नाही तर बसून बघा, रात्री घरात जेवा, झोपा, सकाळी निवांत रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात जाऊन वारा खा. तुमचा ट्रेकर पहाटे बसमधून उतरताना अर्धमेला असतो, त्यालाच शिडीवर चक्कर येते, ते पण होणार नाही. माणशी पाचशे जास्त घ्या की, देतील लोक, हॉटेलात दोन पिझ्झ्याला तेवढे देतातच.

जमलं तर मंगळवार-बुधवार या. सुट्टी नसते हे कळतं मला, पण निवृत्त लोकांचे ग्रुप आहेत, कॉलेजं आहेत, घरून काम करणारे आहेत. बुधवारी कळसूबाईवर तुम्ही, देवी आणि वारा, तिघंच असता.

आणि सगळे त्याच चार ठिकाणी कशाला? पट्टा किल्ला आहे, १६७९ ला जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज तिथं विसाव्याला थांबले म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात, तिथं रविवारी सुद्धा गर्दी नसते. बितनगड, पाबरगड, कुंजरगड आहेत. फोफसंडीसारखं गाव आहे, चारी बाजूनं डोंगर, सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलंय, २०२० साली पद्मश्री मिळाली त्यांना, मुलांना घेऊन तिकडं जा. (हे लिहिताना जरा धाकधूकच आहे, कारण उद्या "ऑफबीट अकोले, ५ स्पॉट्स इन वन डे" अशी पोस्ट निघाली तर गावातले मला धरतील. पाच ठिकाणं एका दिवसात करणाऱ्यांनी येऊच नये.)

वाट दाखवायला गावातला माणूस घ्या, दर आधी ठरवा, रोख द्या. कचरा उचलून न्या, इथल्या कुंडीत पण टाकू नका, कारण ती कुंडी उचलायला कुठली गाडी येत नाही, आम्हीच मागं नेऊन जाळतो, हे खरं आहे ते सांगतो. जाताना राजूरला थांबून पेढे घ्या, ते मात्र आठवणीनं.

पावसाळ्यात भाताच्या खाचरात उतरू नका. ते हिरवं गवत नाही, लावणी केलेला भात आहे, तुमच्या एका फोटोला आमच्या रोपांची चार चूड आडवी होतात. बांधावरून चाला, बांध त्यासाठीच असतो.

एवढं वाचून जो चिडला असेल त्यानं तरी एकदा मुक्कामाला यावं, समोरासमोर भांडू, आई मध्ये चहा आणून देईल. बाकीच्यांनी काजव्याच्या बॅचचा आकडा गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवावा, शाकाहारी किती, मांसाहारी किती, कोंबडी गावरान पाहिजे की साधी ते वेगळं सांगावं, आणि निम्मे पैसे आगाऊ, ते पण रेंजमध्ये असतानाच.

तुमचा,
भंडारदऱ्याच्या काठावरचा एक भातवाला